पाठशुद्धी, टीका आणि प्रक्षेप : जुन्या रॉक अल्बमांची सराउंड मिक्स ऐकताना

(नारायणगड येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



 आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा एका बाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, गडावर येऊन इंग्रजी गाण्यांचं काय सांगताय?" त्यांचं चुकलं नाही. या जागेला आपण धाकटी पंढरी म्हणतो. इथं टाळ-मृदंग ऐकायचा. पण खरं सांगतो, हा विषय मला इथंच मिळाला.

मागच्या सप्त्याची गोष्ट. मंडप आणि साउंडचं काम करणारा एक तरुण काल्याच्या कीर्तनानंतर माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "सर, पुढं दोन मोठे बॉक्स लावायच्या ऐवजी चहूबाजूंनी सहा लावले, तर कीर्तन जास्त चांगलं ऐकू येईल का?" मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही. कारण 'चांगलं ऐकू येणं' म्हणजे काय, हाच मुळात अवघड प्रश्न आहे. गेली पन्नास वर्षं इंग्लंड-अमेरिकेतले लोक हाच प्रश्न त्यांच्या आवडत्या जुन्या अल्बमांच्या बाबतीत विचारत आलेत. पिंक फ्लॉइड, क्वीन, बीटल्स, जेथ्रो टल. हे अल्बम मुळात दोन स्पीकरसाठी किंवा एकाच स्पीकरसाठी तयार झाले. नंतर ते चार, सहा आणि त्याहूनही जास्त स्पीकरांसाठी नव्यानं मिसळले गेले. त्याला सराउंड मिक्स म्हणतात. त्यातलं काय चांगलं, काय वाईट आणि ते ठरवायचं कशावरून, हे आज बघायचं.

आधी एक कबुली देतो. मी तत्त्वज्ञानाचा मास्तर. संगीताची पदवी माझ्याकडं नाही. वसतिगृहात एका मित्राच्या टेपरेकॉर्डरवर हे अल्बम पहिल्यांदा ऐकले, शब्द निम्मे कळायचे नाहीत, तरी ऐकत राहिलो. पुढं निवृत्तीनंतर पुण्याच्या पुतण्याकडं सहा स्पीकरांची खोली मिळाली. तो मुलगा हौशी आहे. तिथं मी दोन पावसाळे बसून हे सगळं पुन्हा ऐकलं, वहीत टिपणं केली. आणि कबुलीचा दुसरा भाग असा की, तीन वर्षांपूर्वी माझा डावा कान जवळजवळ गेला. म्हणजे आज चहूबाजूंच्या आवाजाबद्दल तुमच्याशी बोलणारा माणूस एका कानानं ऐकतो. हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर तुम्ही म्हणाल की आंधळ्यानं चित्राची परीक्षा मांडली. त्या कानाकडं मी शेवटी येणार आहे.

आता थोडं साधं शास्त्र. आपल्याकडं नैयायिकांनी शब्द कसा पसरतो याचे दोन दृष्टांत दिलेत. एक वीचीतरंगन्याय, पाण्यात खडा टाकला की लाटेमागून लाट उठत जाते तसा. दुसरा कदंबगोलकन्याय, कदंबाच्या फुलाला जसे एकाच वेळी सगळ्या बाजूंनी केसर फुटतात तसा शब्द दाही दिशांना एकदम फुटतो. तर्कशास्त्राचा विद्यार्थी हे पाठ करतो आणि विसरतो. पण बघा, दोन्ही दृष्टांतांत शब्द सगळीकडं जातो आणि ऐकणारा मात्र एकाच जागी असतो. पसरणाऱ्या शब्दाचा जो भाग माझ्या कानापर्यंत आला, तेवढाच मी ऐकला. म्हणून आवाजाबद्दल बोलताना 'ऐकणारा कुठं उभा आहे' हे सांगितल्याशिवाय पुढं जाताच येत नाही.

उजवीकडून आवाज आला तर तो उजव्या कानाला आधी पोचतो, डाव्याला नंतर. हा फरक किती? सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. शिवाय मधे डोकं आडवं येतं, त्यामुळं पलीकडच्या कानाला आवाज थोडा दबलेला मिळतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. दोन स्पीकरच्या स्टिरिओनं याच गोष्टीचा उपयोग करून समोर एक रुंद पडदा उभा केला. गायक मधे, गिटार डावीकडं, असं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला क्वाड्रोफोनिक नावाचा प्रकार आला. दोन स्पीकर पुढं, दोन मागं. त्याच्या तीन-चार पद्धती एकमेकींशी जुळेनात. एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर नीट वाजेना. लोक कंटाळले आणि काही वर्षांतच ते बंद पडलं. मग सिनेमा आणि डीव्हीडीच्या मार्गानं फाइव्ह पॉइंट वन आलं. पुढं तीन, मागं दोन आणि खालच्या, घुमणाऱ्या आवाजासाठी एक. २०१२ मध्ये डॉल्बी अॅटमॉस सिनेमागृहात आलं, त्यात डोक्यावरचेही स्पीकर असतात. पुढं तेच गाण्यांच्या मोबाइल अॅपवर आलं, आणि आता आपली लेकरं हेडफोनमध्ये ते ऐकतात.

एवढी साधनं आली. पण साधन वाढलं म्हणजे गुण वाढला असं होत नाही. मग गुण कशानं मोजायचा? यासाठी मला पश्चिमेकडं बघावं लागलं नाही. उत्तर इथून फार लांब नसलेल्या पैठणात मिळालं.

शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ ला, एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षं नकला होत होत्या. लिहिणाऱ्यांच्या चुका शिरल्या होत्या, काहींनी आपल्याच ओव्या घुसवल्या होत्या. नाथांनी प्रती ताडून बघितल्या, मळ काढला, आणि शेवटी बजावून ठेवलं की यापुढं यात कुणी आपली ओवी घालू नये. तसं करणं म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणं. हे झालं पाठशुद्धीचं काम. आणि खुद्द ज्ञानेश्वरी काय आहे? ती गीतेवरची टीका आहे. गीतेचे श्लोक सातशे, ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजार. इतका विस्तार झाला, तरी गीता कुठं बदलली नाही. श्लोक आहे तसा राहिला आणि त्यातला अर्थ उलगडला. आणि तिसरा प्रकार तो करवंटीचा. मूळ ग्रंथाच्या नावाखाली आपलं काहीतरी घुसवणं. त्याला आपण प्रक्षेप म्हणतो.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. कुठलंही सराउंड मिक्स समोर आलं की 'किती स्पीकर' हे नंतर विचारा. आधी विचारा, ही पाठशुद्धी आहे, टीका आहे की प्रक्षेप आहे?

एकेक उदाहरण घेऊ.

पाठशुद्धीचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे जेथ्रो टलचा 'अॅक्वालंग'. अल्बम १९७१ चा. गाणी एकाहून एक. पण मूळ ध्वनिमुद्रणच मळकट, हा अल्बम ऐकणाऱ्यांची जुनी तक्रार. पडद्याआडून कुणी बोलतंय असा आवाज. चाळीस वर्षांनी, २०११ मध्ये, स्टीव्हन विल्सन या संगीतकारानं मूळ टेप काढून अल्बम नव्यानं मिसळला, स्टिरिओत आणि सराउंडमध्येही. पुतण्याच्या खोलीत मी आधी जुना ऐकला, मग हा. वहीत त्या रात्री लिहिलं होतं, 'चष्मा पुसून घातल्यासारखं.' बासरीच्या आधीचा श्वास ऐकू येतो. साधी गिटार आणि विजेवरची गिटार यांची एकमेकींत झालेली गिचमिड सुटते. मागचे दोन स्पीकर आहेत, पण ते 'बघा आम्ही मागं आहोत' असं ओरडत नाहीत. गर्दी झालेल्या घरात दोन खोल्या वाढवल्यासारखा त्यांचा उपयोग केलाय. चमत्कार दाखवायचा नाही, गर्दी मोकळी करायची. विल्सनची दुसरी गोष्ट मला शिक्षक म्हणून आवडते. त्यानं किंग क्रिमसन, जेथ्रो टल यांच्या ज्या संचांवर काम केलं, त्यांत नव्या मिक्सबरोबर जुनं मूळ मिक्सही दिलेलं असतं. म्हणजे टीका छापली आणि वर श्लोकही छापला. वाचणाऱ्यानं ताडून बघावं. हा प्रामाणिकपणा आहे.

आता टीका. इथं मला पाचगणीला जावं लागतं. तुमच्यातल्या किती जणांना ठाऊक आहे माहीत नाही, क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळ नाव फारुख बलसारा, जन्म झांझिबारचा, पण लहानपणीची शाळा आपल्या सातारा जिल्ह्यातल्या पाचगणीची, सेंट पीटर्स. तिथंच पोरांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता आणि हा त्यात पियानो वाजवायचा. त्या मुलानं पुढं १९७५ मध्ये आपल्या बँडबरोबर 'अ नाइट अॅट द ऑपेरा' हा अल्बम केला. त्यातलं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' तुमच्या कानावर आलेलंच आहे. मधल्या भागात केवढा तरी मोठा गायकांचा ताफा गातोय असं वाटतं. प्रत्यक्षात गाणारे तीन. मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर. पुन्हा पुन्हा गाऊन, एकावर एक थर चढवून त्यांनी तो समुदाय उभा केला. दोन स्पीकरमध्ये तो सगळा समुदाय समोरच्या एका ओटीवर दाटीवाटीनं उभा असतो. हाका डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं मारल्या जातात.

२००२ मध्ये याचं सराउंड मिक्स डीव्हीडी-ऑडिओवर आलं. त्यात त्या हाका तुमच्या भोवतीनं जातात. आता हा चमत्कार की टीका? मी म्हणतो टीका. कारण मूळ गाण्यातच प्रश्न-उत्तर आहे, वाद आहे, एकजण मधे सापडलाय आणि बाकीचे त्याच्यावरून भांडतायत. स्टिरिओत आपण तो वाद बाहेरून बघतो. सराउंडमध्ये आपण त्या सापडलेल्या माणसाच्या जागी उभे राहतो. म्हणजे ऐकणाऱ्याला एक निश्चित जागा मिळाली आणि त्या जागेवरून गाण्याचा अर्थ जास्त कळला. याच अल्बममधल्या 'द प्रॉफेट्स साँग'मध्ये मर्क्युरी एक ओळ गातो आणि टेपवरून उशिरानं परत येणारा त्याचाच आवाज त्याला साथ करतो, मग तिसरा. आपल्या भाषेत सांगायचं तर बुवानं चरण टाकला आणि टाळकऱ्यांनी तो उचलला, फरक एवढाच की बुवा आणि टाळकरी एकच माणूस. हे चहूबाजूंनी ऐकताना मला पावली खेळणाऱ्या टाळकऱ्यांच्या रिंगणात उभं राहिल्याची आठवण झाली. पुतण्याला सांगितलं तर तो हसला. पण ज्यानं रिंगणाच्या आत उभं राहून टाळ ऐकलेत, त्याला सराउंड म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' हे जास्त गुंतागुंतीचं प्रकरण आहे. अल्बम १९७३ चा. ध्वनिमुद्रण करणारा अॅलन पार्सन्स, त्यानंच क्वाड्रोफोनिक मिक्सही केलं. तीस वर्षांनी, २००३ मध्ये, जेम्स गथ्री यानं फाइव्ह पॉइंट वनमध्ये नवं मिक्स केलं. या अल्बमला सराउंड बाहेरून चिकटवलं असं म्हणता येत नाही. १९६७ मध्येच हा बँड लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये एका दांड्यानं आवाज सभागृहभर फिरवत होता. 'टाइम' गाण्याच्या सुरुवातीला वाजणारी घड्याळं पार्सन्सनं एका जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन टिपली होती, आणि तीही क्वाड्रोफोनिकचं प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी. म्हणजे चारी भिंतींवरची घड्याळं ही मूळ कल्पनेच्याच पोटातली आहेत.

दोन्ही मिक्स लागोपाठ ऐकली तर स्वभावातला फरक कळतो. पार्सन्सचं धीट आहे. वस्तू कोपऱ्याकोपऱ्यांत टाकून देतो, कधीकधी इतक्या लांब की बँड एकत्र वाजवतोय हेच विसरायला होतं. गथ्रीचं संयमी आहे. बँड बहुतेक वेळ समोर ठेवतो, मागची बाजू खोलीचा घुमारा आणि सांगीतिक घटनांसाठी राखतो. पहिल्यांदा ऐकताना पार्सन्सचं आवडलं. दहाव्यांदा ऐकताना गथ्रीचं. मी दहाव्यांदाच्या बाजूनं आहे. अल्बम हा दहा वेळा ऐकण्यासाठीच असतो, एकदाच्या नवलासाठी नाही. तरी एक तक्रार गथ्रीकडंही करतो. काही ठिकाणी तो इतका सभ्य होतो की मागचे स्पीकर नुसते हजेरी लावून जातात. टीकाकारानं श्लोकाच्या पुढं बोलू नये हे खरं, पण श्लोकच पुन्हा वाचून दाखवला तर ती टीका कसली?

'मनी' या गाण्याचा आरंभ नाण्यांच्या आणि गल्ल्याच्या आवाजांनी होतो, सात मात्रांत. रूपकाच्या सात मात्रा मनात मोजा, बसतात. ते ऐकताना मला दुसरं नाणं आठवलं. १९७५ चा पंधरा ऑगस्ट, 'शोले'. मुंबईच्या मिनर्व्हात तो सत्तर एमएम पडद्यावर, सहा ट्रॅकच्या आवाजात लागला होता. मी पंचविशीत होतो, दोघा मित्रांबरोबर एसटीनं मुंबईला जाऊन बघितला. जय नाणं उडवतो, ते पडतं, आणि पडल्याचा आवाज खुर्च्यांमधून येतो. माझ्या पुढच्या रांगेतला माणूस खाली वाकून नाणं शोधू लागला. हे असं बऱ्याच जणांनी केलं, असं पुढं लोक सांगू लागले. आता विचार करा. तो नुसता चमत्कार होता का? त्या नाण्यावर पुढं एकाचं मरण ठरणार आहे. ते नाणं आपल्या पायाशी पडलं, हे दिग्दर्शकाला सांगायचंच होतं. दिशेला अर्थ होता. दिशेला अर्थ असेल तर तो गुण. नुसती दिशा असेल तर जत्रेतला पाळणा, दोन फेऱ्यांनी गरगरायला लागतं.

आता प्रक्षेप. तुमच्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या मंडळींना 'झंकार' कॅसेट आठवत असतील. जुनी गोड गाणी, आणि त्यांवर वरून चढवलेला ढोलकचा, ड्रमचा ठोका, शिवाय घुमारा. टपरीवर, जीपमध्ये, लग्नात वाजायची. लोकांना आवडायची हेही खरं. पण लताबाईंच्या दोन ओळींमधली शांतता त्या ठोक्यानं भरून टाकली. ती शांतता गाण्याचाच भाग होती. हीच ती करवंटी.

'मुघल-ए-आझम' मात्र मला अडचणीत टाकतो. मूळ चित्रपट १९६० चा. २००४ मध्ये तो रंगीत करून पुन्हा लावला, तेव्हा मूळ गायकांचे आवाज ठेवले आणि वाद्यवृंद सराउंडसाठी नव्यानं वाजवून घेतला. हा प्रक्षेप म्हणावा तर समोर खुद्द नौशाद हजर होते, आणि उत्तम सिंग मदतीला. लेखकानंच आपल्या ग्रंथात ओवी घातली तर तिला प्रक्षेप कसं म्हणणार? तरी ऐकताना मला सांधा दिसतो. १९६० चा आवाज एका हवेत श्वास घेतोय आणि २००४ ची व्हायोलिनं दुसऱ्या हवेत. दोघांचा काळ एक नाही. कर्त्याचा अधिकार मान्य करूनही कान म्हणतो की ही दुसरी कृती झाली. पहिलीच्या शेजारी ठेवा, पहिलीच्या जागी नको.

'मूळ' कुठलं, हा प्रश्न बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'मध्ये सगळ्यात अवघड होतो. १९६७ मध्ये चारांनी वेळ देऊन, लक्ष घालून जे मिक्स केलं ते मोनो होतं. एका स्पीकरचं. स्टिरिओ नंतर, त्यांच्या गैरहजेरीत, भराभर उरकलं. पुढं घरोघरी स्टिरिओच पोचलं आणि तेच 'मूळ' समजलं गेलं. म्हणजे नकलेलाच प्रत मानलं. २०१७ मध्ये त्यांच्या निर्मात्याचा मुलगा जाइल्स मार्टिन यानं नवी मिक्स केली, स्टिरिओ आणि सराउंडही, तेव्हा त्यानं नजर ठेवली ती मोनोवर. शिवाय मूळ चार ट्रॅकच्या टेपवर जागा संपली की चार ट्रॅक एकत्र करून दुसऱ्या टेपवर उतरवायची पद्धत होती, दर उतरवणीत आवाज थोडा झिजायचा. मार्टिन त्या उतरवणीच्या आधीच्या टेपांकडं गेला. जुन्या प्रतींच्याही आधीची प्रत शोधावी तसा. ही नाथांची पद्धत आहे, मंडळी.

आता तर २०२२ च्या 'रिव्हॉल्व्हर'पासून आणखी एक गोष्ट हाताशी आलीय. संगणकाला शिकवून एका टेपवर मिसळलेले आवाज वेगवेगळे करता येतात. गायक निराळा, ड्रम निराळा. याचा अर्थ उद्या कुठलंही जुनं गाणं सराउंड करता येईल. समजा कुणी 'गीतरामायण' घेतलं. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर रामनवमीला सुरू झालेलं, वर्षभर चाललेलं, छप्पन्न गीतांचं. एकाच स्पीकरच्या रेडिओसाठी केलेलं. आमच्या लहानपणी वाडा त्या एका पेटीसमोर बसायचा. समजा उद्या यंत्रानं गायक पुढं ठेवला, बासरी मागं आणि तबला डाव्या हाताला. करता येईल. करावं का? मला विचाराल तर घासलेल्या फितीवरची खरखर काढा, पाठशुद्धी करा, आनंदानं ऐकीन. पण त्या गाण्यांत सगळे एका दिशेला तोंड करून बसलेले आहेत. ती एक दिशा रचनेतच आहे. तिला फोडून चार भिंतींना टांगू नका.

आता माझा कान.

डावा कान गेल्यावर मी वर्षभर पुतण्याच्या खोलीत पाऊल ठेवलं नाही. राग होता. मग गेल्या दिवाळीत गेलो. आधी हेडफोनवर अॅटमॉस ऐकून बघितलं. शून्य. हेडफोनमधला सराउंड सगळा दोन कानांतल्या फरकावर उभा असतो, एक कान गेला की ती इमारत बसते. मग स्पीकरवर 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' लावलं. स्थिर बसलो तर सगळं उजवीकडून. पण मान हळूहळू फिरवली, तेव्हा आवाज उजळत-दबत गेले आणि कुठं काय आहे याचा अंदाज येऊ लागला. पूर्वीसारखं नाही, पण काहीतरी. खरी खोली आणि खरे स्पीकर होते म्हणून मला फिरायला जागा होती. खुर्ची सरकवत, मान वळवत तो अल्बम मी ऐकला. पुतण्या दारात उभा राहून बघत होता, काही बोलला नाही.

त्याच मुक्कामात बीच बॉइजचा 'पेट साउंड्स' ऐकला, १९६६ चा, मोनो. तो करणाऱ्या ब्रायन विल्सनला उजव्या कानानं जवळजवळ ऐकू येत नव्हतं. त्या माणसानं एका कानावर अख्खा अल्बम रचला. पुढं इतरांनी त्याची स्टिरिओ आणि सराउंड मिक्स केली, दोन कान होते तेव्हा मी ती ऐकलीही होती, चांगली आहेत. पण त्या दिवशी मोनो ऐकताना मला काही कमी पडलं नाही. कुठलं वाद्य कुठल्या वाद्याच्या मागं आहे, हे त्यानं दिशेनं सांगितलेलंच नव्हतं. स्वरानं, जोरानं, वेळेनं सांगितलं होतं. मग माझ्या लक्षात आलं की चांगल्या सराउंड मिक्सलाही हीच कसोटी लावता येईल. ते एका कानानं ऐका. गाणं उभं राहिलं, तर दिशेनं त्यात भर घातली होती. गाणं कोसळलं, तर दिशेनं उणीव झाकली होती.

आता त्या साउंडवाल्या मुलाचं उत्तर. बाळा, सहा बॉक्स लाव, पण आवाज वाढवायला नको. कीर्तनात बोलणारा एक असतो आणि तो समोर उभा असतो. मागून बुवांचा आवाज आला तर माणूस मागं वळून बघेल, तो झाला प्रक्षेप. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तुझा मागचा बॉक्स पुढच्यापासून ३४ मीटरवर असेल, तर पुढचा आवाज तिथं सेकंदाच्या दहाव्या भागानं उशिरा पोचतो. मिक्सरवर डिले असतो, मागच्या बॉक्सला तेवढा उशीर लाव, वर आणखी थोडासा. आणि तो बॉक्स हळू ठेव. मग मागच्या माणसाला शब्द स्पष्ट येतील आणि तरी वाटेल की बुवा समोरूनच बोलतायत. पुढच्या रांगेतल्या लेकरांच्या कानांवर भार येणार नाही. आज आपण पुढं दोन डोंगर उभे करतो आणि शेवटच्या माणसासाठी पहिल्या माणसाचे कान घालवतो. गेलेला कान काय असतो ते मी सांगितलंच.

व्याख्यान संपल्यावर एका मावशींनी विचारलेला प्रश्न इथं देतो, कारण तो कुणीतरी विचारायलाच हवा होता. त्या म्हणाल्या, "सर, मग आता तुम्हाला कीर्तन अर्धंच ऐकू येतं का?"

मी त्यांना म्हणालो, मावशी, कुठून येतंय ते कळत नाही. काय येतंय ते कळतं. म्हणून मी आता मंडपात डाव्या टोकाला बसतो, म्हणजे चांगला कान बुवांकडं राहतो. आपली जागा आपण शोधायची. पूर्वी मधे बसायचो.